राणीचं बंद पत्र, आईचं बंद पाकीट

आमच्याकडे जूनमधल्या एका सोमवारी राजाचा वाढदिवस असतो. राजाचा खरा वाढदिवस तेव्हा नसतो, पण सुट्टी मिळतेय म्हटल्यावर ते विचारायला कोण जातंय. काही वर्षांपूर्वीपर्यंत हीच सुट्टी राणीच्या नावाने होती. राणी गेली आणि कॅलेंडरवरचं नाव तेवढं बदललं. यंदा या तीन दिवसांच्या सुट्टीला मंगळवारची एक रजा जोडून मी आणि माझी सोळा वर्षांची मुलगी अलिशा, आम्ही दोघी मेलबर्नहून सिडनीला गाडीने जाऊन आलो. विमानाने तासा-सव्वा तासाचा प्रवास आहे, हे मला माहीत आहे. तरीही गाडीनेच गेलो.

त्याला दोन कारणं होती. पहिलं अगदी व्यवहाराचं. अलिशाकडे शिकाऊ परवाना आहे आणि व्हिक्टोरियात पक्का परवाना मिळायच्या आधी एकशेवीस तास गाडी चालवून दाखवावी लागते. शेजारी बसून जीव मुठीत धरायचं काम आईचं. क्रेगीबर्नमधल्या आमच्या घरापासून ह्यूम हायवे पाच मिनिटांवर आहे. तो धरला की सरळ सिडनी, साडेआठशे किलोमीटरच्या आसपास.

दुसरं कारण माझ्या पर्समध्ये होतं. एक पांढरं, चिकटवलेलं पाकीट, त्यावर आईच्या शाळामास्तरणीच्या अक्षरात माझं नाव. आईला जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती आणि मी ते उघडलं नव्हतं.

आईबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही वसईचे. आई तिथल्या मराठी शाळेत पस्तीस वर्षं इतिहास शिकवायची. बाबा गेल्यावर ती चार-पाच वर्षं एकटीच राहिली, मग मी तिला इकडे आणलं. आमच्या गावच्या चर्चच्या दफनभूमीत जागा कमी. कायमची कबर विकत घेतली नसेल तर काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागते. बाबांची वेळही जवळ आली होती. निघायच्या आदल्या दिवशी आई एकटीच तिकडे गेली आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात बाबांच्या कबरीवरची माती भरून घेऊन आली. मला पत्ता नव्हता.

मेलबर्नच्या विमानतळावर उतरल्यावर फॉर्मवर प्रश्न असतो, तुमच्याकडे बिया, लाकूड, माती असं काही आहे का. मी आपलं सहज विचारलं. आईने आयुष्यात परीक्षेत कुणाला कॉपी करू दिली नाही, ती खोटं कशी बोलणार. तिने हँडबॅगेतून डबा काढला आणि म्हणाली, “बाबांची माती आहे.” मागे रांग होती. दंडाच्या मोठमोठ्या पाट्या होत्या. मला नुकतंच इथलं नागरिकत्व मिळालं होतं आणि मी नियमांच्या बाबतीत जरा जास्तच सोवळी झाले होते. तिथेच कचऱ्याचं पिवळं पिंप होतं. मी तिच्या हातातून डबा घेतला आणि टाकला. एवढंही म्हटलं नाही की आई, सॉरी. ती ट्रॉलीचा दांडा धरून माझ्या मागे चालत राहिली.

पुढे राणी वारली. दहा दिवस टीव्हीवर दुसरं काही नव्हतं आणि आईने त्यातला क्षणही चुकवला नाही. तिच्या दृष्टीने तो चालू इतिहास होता. राणीने आपल्या अंत्ययात्रेचं सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं, याचं तिला फार कौतुक. त्यावरून ती मागे गेली ती थेट राणीच्या खापरपणजीवर. ज्या राणीच्या नावाचं आमचं हे राज्य, आणि जिच्या नावाने आपल्या मुंबईतलं व्हीटी स्टेशन होतं, ती. आई तिला ‘व्हीटीची राणी’च म्हणायची. चाळीस वर्षं काळे कपडे घालून नवऱ्यासाठी झुरली, पण मला पुरताना पांढऱ्या कपड्यात पुरा, लग्नातली जाळी डोक्यावर घाला, असं लिहून ठेवलं. नवऱ्याचा घरात घालायचा झगा, त्याच्या हाताचा प्लास्टरचा ठसा, हे सगळं शवपेटीत माझ्याबरोबर ठेवा म्हणाली. आणि नवऱ्यासाठी जी भलीमोठी समाधी बांधली होती, तिच्यात त्याच्याच शेजारी जाऊन झोपली.

“त्या बाईला कुणी अडवलं नाही,” आई म्हणाली. टीव्हीकडे बघतच म्हणाली. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. मला बरोबर कळलं ती कशाबद्दल बोलतेय. मी भांड्यांचा आवाज जरा वाढवला.

त्याच आठवड्यात बातमीत सांगितलं, की आत्ता गेलेल्या राणीने सिडनीच्या लोकांसाठी एक पत्र लिहून ठेवलंय आणि ते २०८५ साली उघडायचंय. तोवर ते क्यूव्हीबी नावाच्या जुन्या इमारतीत बंद. आईला ते काही केल्या पटेना. एवढ्या उशिरा उघडून त्याचा कुणाला काय उपयोग, म्हणाली. आणि ती इमारतही पुन्हा व्हीटीच्या राणीच्याच नावाची. आपण एकदा जाऊ या म्हणाली. मी म्हटलं, जाऊ.

दोन दिवसांनी तिने मला पाकीट दिलं. “हे माझं. माझं मात्र वेळेवर उघड.”

“आई, आत्ता नको ना हे,” मी म्हटलं आणि ते किचनच्या तिसऱ्या खणात टाकलं, जिथे जास्तीच्या किल्ल्या आणि जुने चार्जर असतात.

दीड वर्षाने एका सकाळी चहा पिता पिता ती गेली. त्यानंतरचे चार दिवस मी एखादा कार्यक्रम उरकावा तशी धावत होते. अंत्यविधीच्या कंपनीतली बाई फार प्रेमळ होती. तिने माझा हात हातात घेऊन विचारलं, “डिड मम लीव्ह एनी विशेस?” आईने काही इच्छा सांगून ठेवली होती का. मी म्हटलं, नाही.

हे वाक्य मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पाकीट खणात आहे हे मला त्या क्षणी पक्कं आठवत होतं. पण त्यात काय असेल याचा अंदाज होता. जुनं, विरलेलं लुगडं आणि साधी मातीची कबर. आणि इकडे अंत्यविधी घरबसल्या बघायची लाइव्ह लिंक सगळ्या नातेवाइकांना गेली होती, सगळी वसई बघणार होती. मेलबर्नच्या लेकीने आईला कसं पोचवलं, ते बघणार होती. मी पांढरी चकचकीत शवपेटी घेतली, क्रीम रंगाची नवी कोरी सिल्कची साडी घेतली. पुढे कबरीवर काळा ग्रॅनाइट घातला, त्यावर सोनेरी अक्षरं, फोटो, देवदूत. फोनवर सगळे म्हणाले, राणीसारखं केलंस गं. ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

तर असं ते पाकीट घेऊन शनिवारी सकाळी आम्ही निघालो.

ह्यूम हायवेबद्दल थोडं. रस्ता उत्तम आहे, दोन्ही बाजूंनी दुहेरी, टोल नाही. त्यामुळेच कंटाळवाणाही आहे. ऑल्बरीपर्यंत म्हणजे राज्याच्या सीमेपर्यंत साडेतीन तास लागतात. सीमा ओलांडली की शिकाऊ चालकाला नव्वदच्या वर जाता येत नाही, हे लक्षात ठेवा. मागून मोठाले ट्रक अंगावर आल्यासारखे येतात आणि आपण बैलगाडीच्या चालीने. अलिशाचे खांदे कानापर्यंत गेले होते. मी अधूनमधून “छान, छान” म्हणत होते आणि माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

डबा घरचाच घेतला होता, अंड्याची सँडविचेस आणि थर्मासमध्ये चहा. हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरचे चिप्स महागही असतात आणि वर त्यांत जीवही नसतो. थांबायचं तर हॉलब्रूकला थांबा. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या गावाने बागेत एक अख्खी पाणबुडी आणून ठेवली आहे. हिरवळीवर काळंभोर धूड, वर चढता येतं, पैसे पडत नाहीत. समोरच्या बेकरीतला मीट पाय गरम गरम खा. आम्ही पाणबुडीच्या सावलीत बसून खाल्ला. अलिशाने विचारलं, हे इथे का आणून ठेवलंय. कुणाला तरी कुणाची तरी आठवण जपायची असते, मी म्हटलं. “बट इट्स सो बिग,” ती म्हणाली.

जूनमध्ये पाचनंतर अंधारून येतं आणि त्या सुमाराला कांगारू रस्त्यावर येतात. म्हणून गुंडागाईला मुक्काम केला. नदीकाठचं छोटं गाव, साधी मोटेल. आमची खोली दीडशे डॉलरच्या आत मिळाली, हीटर चालू होता आणि गरम पाणी भरपूर, आणखी काय पाहिजे. रात्रीचं जेवण लवकर करा, कारण साडेआठनंतर गावात फक्त पब उघडा राहतो.

तिथेच अलिशाने माझ्या पर्समधून चार्जर काढताना पाकीट पाहिलं. आजीचं आहे हे तिला अक्षरावरून कळलं. वाचता मात्र आलं नाही. ती मराठी समजते, मोडकंतोडकं बोलते, पण वाचायला मी कधी शिकवलंच नाही. तिने विचारलं, उघडलं का नाहीस. मी म्हटलं, आजीला सिडनीचं ते बंद पत्र बघायचं होतं, तिथे जाऊन उघडीन. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “मम्मा, आर यू स्केअर्ड ऑफ इट?” मी म्हटलं, दात घासून झोप.

रविवारी सकाळी धुकं होतं. ते विरेपर्यंत दहा वाजले. गोलबर्नला एक तीन मजली सिमेंटचा मेंढा आहे, त्याच्या पोटात भेटवस्तूंचं दुकान. तिथून फ्रिजवर लावायचं एक मेंढ्याचं चुंबक घेतलं. दुपारी दोनच्या सुमाराला वेंटवर्थव्हिलला सिसिलमावशीकडे पोचलो.

सिसिलमावशी ही आईची धाकटी बहीण. इथे मुलाकडे असते, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आईच्या अंत्यविधीला ती क्रेगीबर्नला आली होती आणि जाताना ताईची आठवण म्हणून काहीतरी दे म्हणाली. मी आईची कपड्यांची ट्रंक उघडली आणि वरचंच लाल लुगडं काढून तिला दिलं. आईच्या लग्नातलं. आमच्या घराण्यातल्या बायका ते लग्नात एकदा नेसतात, मग मोठ्या सणांना, आणि शेवटच्या दिवसासाठी घडी घालून ठेवून देतात. ही पद्धत मला लहानपणापासून माहीत होती. तरीही आईला ते नेसवलं नाही आणि नंतर घडीसकट मावशीच्या हातात ठेवलं, कारण पदराशी दोन भोकं पडली होती आणि ते कॅमेऱ्यासमोर बरं दिसलं नसतं.

मावशीने आमच्यासाठी घाट घातला होता. फुगे, म्हणजे आमचे गोल पाव, तळले होते, पोर्कचं आंबटतिखट इंद्याल होतं, तेही वसईहून आलेला मसाला घालून. कुणाची अशी मावशी नसेल तरी काळजी नको. वेंटवर्थव्हिलच्या मुख्य रस्त्यावर खाण्याची चंगळ आहे, डोसा म्हणा, चाट म्हणा, आणि वाणसामानाच्या दुकानांत कढीपत्त्यापासून कुळथापर्यंत सगळं मिळतं. जेवण झाल्यावर मावशीने कपाटातून लुगडं काढून दाखवलं. धुऊन, इस्त्री करून, मधे कडुनिंबाची पानं घालून ठेवलं होतं. ईस्टरला नेसले होते म्हणाली, चर्चमध्ये सगळ्यांनी विचारलं. मी हात फिरवला. ओळखीचा वास येतो का पाहिलं, पण साबणाचा येत होता.

सोमवारी, राजाच्या वाढदिवशी, आम्ही दोघी ट्रेनने सिटीत गेलो. सुट्टीच्या दिवशी सिडनीत ट्रेन, बस, बोट सगळं मिळून भाड्याला मर्यादा असते, तेव्हा फिरायचं असेल तर असाच दिवस निवडा. बँकेचं कार्ड टॅप केलं तरी चालतं. टाऊन हॉल स्टेशनला उतरलं की क्यूव्हीबी समोरच.

इमारतीबाहेर व्हीटीची राणी बसली आहे. काळपट ब्राँझची, जाडजूड, तोंड फुगवलेली. तिची गोष्ट पाटीवर आहे. हा पुतळा मुळात डब्लिनचा. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर तिथल्या लोकांना ती डोळ्यांसमोर नको झाली, म्हणून काढली आणि वर्षानुवर्षं कुठेतरी अडगळीत पडून राहिली. शेवटी सिडनीवाल्यांनी मागून आणली. शेजारी तिच्या लाडक्या कुत्र्याचा छोटा पुतळा आहे, तो रेकॉर्ड केलेल्या आवाजात बोलतो आणि नाणं मागतो. पोरंसोरं राणीकडे पाठ करून कुत्र्याशी फोटो काढत होती.

मला आई आठवली. मेलबर्नच्या बागेत याच राणीचं पांढऱ्या संगमरवराचं मोठं स्मारक आहे, खांब, पायऱ्या, चारी बाजूंना बायका. तिथे मी आईला एकदा नेलं होतं. ती बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, ही बायको म्हणून जी काही होती, त्यातलं यात काहीच नाही गं. मी तेव्हा पार्किंगची वेळ संपत आली म्हणून घाई करत होते.

आत गेलो. इमारत खरोखर देखणी आहे, रंगीत काचा, लोखंडी जिने, पायाखाली नक्षीची फरशी. दुकानं मात्र आपल्या खिशाची नाहीत. माहिती देणाऱ्या टेबलाशी एक पांढऱ्या केसांची बाई होती. तिला मी राणीचं बंद पत्र कुठे बघायला मिळेल विचारलं. ती हसली. ते बघता येत नाही, म्हणाली, वर घुमटात कुठेतरी आहे, तिकडे कुणाला सोडत नाहीत. तिने बोटाने वर दाखवलं. “सॉरी, लव्ह. यू विल हॅव टू कम बॅक इन २०८५.”

साडेआठशे किलोमीटर आले होते आणि बघायला काही नव्हतं. आई असती तर पोट धरून हसली असती. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर गेलो, घुमटाखालच्या कठड्याशी एक बाक मिळाला. अलिशाने स्वतःहून दोन हॉट चॉकलेट आणली. मी पाकीट फाडलं आणि तिच्यासाठी मोठ्याने वाचलं.

“प्रिय लीना, हे उघडलंस म्हणजे मी गेले. फार रडू नकोस. अलिशाची परीक्षा असेल तर तिला शाळेत पाठव. मला माझं लाल लुगडं नेसव. विरलंय, पण मीही विरलेच आहे. पदराला एक गाठ आहे, ती सोडू नकोस. त्यात बाबांची चिमूटभर माती आहे. विमानतळावर तू डबा टाकलास ते बरोबरच केलंस, कायदा तो कायदा. पण मी थोडी आधीच गाठीत बांधली होती, ते मलाही बाहेर आल्यावर आठवलं. तुला सांगितलं नाही, तू तीही टाकायला लावली असतीस. गाठ माझ्या हातात दे. वर दगड नको, लाकडाचा क्रॉस पुरे. माती उघडी राहू दे. एवढंच. वेळेवर उघडलंस ना? तुझी आई.”

(जैवसुरक्षा खात्यातलं कुणी हे वाचत असेल तर आमच्या आईला माफ करा. ती विसरली होती. मला तरी तसंच मानायचंय.)

शेवटचा प्रश्न वाचून मी कागदाची घडी घातली. अलिशा म्हणाली, “पण साडी मावशीआजीकडे आहे.” मग आम्ही दोघी एकदम उठलो. हॉट चॉकलेट तसंच राहिलं. बंदरावर जायचं होतं, बोटीत बसायचं होतं, त्यातलं काही केलं नाही. त्यामुळे सिडनीच्या प्रसिद्ध ठिकाणांबद्दल या लेखात काही मिळणार नाही. पाऊण तासाच्या त्या ट्रेनमध्ये मी मनातल्या मनात ठरवत होते. गाठ मिळाली तर क्रेगीबर्नला नेईन, ग्रॅनाइटच्या कडेला उकरून पुरीन, आईच्या हातात नाही तर निदान हाताजवळ.

मावशी डाळ निवडत बसली होती. मी लुगडं मागितलं, पदर उलगडला. दोन्ही टोकं सपाट, कडक इस्त्रीची. मी विचारलं, इथे गाठ होती का.

होती, मावशी म्हणाली. पूर्वीच्या बायका पैसे बांधायच्या तशी. तिला वाटलं ताईने नाणं ठेवलं असेल, म्हणून सोडली. आत नुसती धूळ निघाली, लालसर. मग बाल्कनीत जाऊन लुगडं चांगलं झटकलं आणि कोमट पाण्यात भिजत घातलं. सांगता सांगता ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी तिच्या हातात पत्र दिलं. तिने चष्मा लावून वाचलं, संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“ताईने तुला हे सांगितलं नव्हतं?” तिने विचारलं.

“सांगत होती. मीच आत्ता नको म्हटलं.”

मावशी कुणावर रागावणाऱ्यातली नाही. ती उठून बाल्कनीत गेली, तिच्यामागे आम्हीही. तीन मजले खाली सोसायटीची हिरवळ होती, कडेला गाड्या, कपडे वाळत घालायचा खांब. माळी पाठीवर पंखा अडकवून पानं उडवत होता. मावशी कठड्यावरून वाकून कितीतरी वेळ खाली बघत होती, जणू अजून तिथे काही दिसणार होतं. मग म्हणाली, माझ्या हाताने गेली गं. मी म्हटलं, नाही मावशी, तुझ्या हाताने नाही. एवढं तरी तिला खरं सांगणं मला भाग होतं.

मंगळवारी पहाटे निघताना तिने लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं. ठेव तुझ्याकडे, म्हणाली.

परतीचा प्रवास एका दिवसात केला, तो करू नका. साडेदहा तास लागले, अलिशाने त्यातले चार चालवले.  संध्याकाळी पाचला घराच्या फाट्याशी आल्यावर तिने न विचारताच गाडी दफनभूमीकडे वळवली. दार बंद व्हायला अर्धा तास होता.

आईचा ग्रॅनाइट त्या रांगेतला सगळ्यात मोठा आहे. मला त्याचा अभिमान होता. त्या दिवशी मी गुडघे टेकून त्याच्या चारी कडा चाचपल्या. डोक्यापासून पायापर्यंत एकच अखंड लादी, बाजूंना सिमेंट. कारागिराने काम चोख केलंय, बोटभर जागा ठेवलेली नाही. माती हातात असती तरी ती आईपर्यंत पोचवायला मी फटसुद्धा ठेवली नव्हती. लुगडं मी लादीवर पसरलं. थोडा वेळ तसंच राहू दिलं, मग दव पडायला लागलं म्हणून पुन्हा घडी घातली. आई, चुकलं माझं, असं मी मोठ्याने म्हटलं. अलिशा माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

दगड काढता येतो का याची चौकशी केली आहे. येतो, पण मुंबईतल्या माझ्या भावाची सही लागेल आणि तो म्हणतो, लोक काय म्हणतील. माझंच वाक्य तो मला ऐकवतोय. विचारणं मी सोडलेलं नाही.

सिडनीला जायचं असेल तर जरूर जा. राणीचं पत्र दिसणार नाही, पण घुमट बघण्यासारखा आहे. आणि घरात कुणी तुमच्या हातात पाकीट दिलं असेल तर आधी ते उघडा, मग गाडीत पेट्रोल भरा.

पुढच्या रविवारी जेवताना मी अलिशाला म्हटलं, मी गेल्यावर काय करायचं ते तुला सांगून ठेवते. तिने काटा खाली ठेवला. “मम्मा, नॉट नाऊ. प्लीज.” माझ्याच घरात माझाच सूर मला ऐकू आला. मी हट्ट केला नाही. तिला वाचता यावं म्हणून एका कागदावर इंग्रजीत लिहिलं. आजीचं लाल लुगडं नेसव, पदराला गाठ मार, वर दगड नको. कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं नाही, आणि मेंढ्याच्या चुंबकाखाली फ्रिजवर लावून ठेवलं.

आठवडाभर ते तसंच होतं. परवा दूध काढताना चुंबक तिरकं झालेलं दिसलं. कागद उघडून पाहिला. माझ्या ओळींखाली अलिशाने पेन्सिलने एवढंच विचारलं होतं, गाठीत काय बांधायचं?